टोपीनंतरची खूण

५ जानेवारी
संकल्प: यंदा बाबांपासून काहीही लपवायचं नाही. प्राचार्य मॅडम म्हणाल्या, फायनलपर्यंत बघू, मग सरांच्या मुदतवाढीचं ठरवू. म्हणजे मिळालीच. कॉलेजच्या सॉफ्टबॉलला बाबांशिवाय दुसरा कोच माहीत आहे कुठे? मी नुसती असिस्टंट. तेच बरं.

११ जानेवारी
सराव सामना. तिसऱ्या बेसजवळ उभं राहून बाबा खुणा करतात. कान, कोपर, पट्टा. पण टोपीला हात लावल्यानंतरची खूण तेवढी खरी, आधीच्या सगळ्या फसव्या. हे मला अक्षरओळखीच्या आधीपासून येतं. जेवताना बाबांनी आधी टोपी आणि मग कान धरला, तरच मी भाजी संपवायची. (बाबा टोपी घालून जेवायचे. आई वैतागायची.)
आज टोपीला हातच लावला नाही. कान, कोपर, पट्टा, पुन्हा कान. पोरी खांबासारख्या उभ्या. नवी स्ट्रॅटेजी असणार. रविवारी विचारते.

रविवार
विचारलं नाही. त्यांना सर्दी आहे.

२० जानेवारी
पुन्हा टोपीला हात लावायला विसरले. कॅप्टनने (तिला सगळे मुंगी म्हणतात) विचारलं, ताई, सरांना घामोळं आलंय का? मी तिला झापलं. मग डगआउटमधून मीच खुणा केल्या. आजच्यापुरत्या.

२८ जानेवारी
पोरींना सांगितलं, बघायचं सरांकडे, करायचं मी सांगेन ते. यात खोटं काही नाही. बघतातच ना त्या.
जिंकलो. घरी बाबा आईला म्हणाले, यंदाच्या पोरी खुणा काय झटकन पकडतात. आई म्हणाली, शिकवलंय कोणी. मी पाणी आणायला उठले. उद्या सांगते.

२९ जानेवारी
शीळ घालत बूट पॉलिश करत होते. अशा वेळी सांगणं बरं दिसलं नसतं.

९ फेब्रुवारी
सेमीफायनल जिंकलो. मुंगीची तक्रार, एकदा सरांकडे, एकदा तुमच्याकडे, मान मोडायची वेळ आली. म्हटलं, बरं, थेट माझ्याकडे बघा. फक्त अडीअडचणीला. मुदतवाढ मिळाली की सगळं पूर्ववत.

१२ फेब्रुवारी
फायनल. शेवटचा डाव, एका रनने मागे. एक आउट. मुंगी तिसऱ्या बेसवर. बॅटिंग करणारीला मी खूण केली, जोरात मार. तेवढ्यात बाबांकडे लक्ष गेलं. त्यांनी टोपीला हात लावला. मग कोपराला. बंट, म्हणजे चेंडूला बॅट नुसती टेकवायची. व्यवस्थित, सावकाश, पूर्वीसारखं. समोरच्या पोरी मागे सरकून उभ्या होत्या, हलकासा टोला पुरला असता. ते फक्त बाबांना दिसलं होतं.
त्यांच्याकडे कोणीही पाहत नव्हतं.
जोरात मारलेला चेंडू सरळ एकीच्या हातात गेला. मुंगी बेस सोडून निघालेली, तीही आउट. संपलं.
घरी येताना बाबांनी विचारलं, माझी खूण दिसली नाही का त्यांना? मी म्हटलं, ऊन डोळ्यांवर होतं.

१३ फेब्रुवारी
सकाळी बाबा आरशासमोर. टोपी, कोपर. टोपी, कोपर. हात जरा उंच धरून. लांबून दिसतं का, ते बघत होते. मी सांगणारच होते. दार लोटलेलं होतं.

२० फेब्रुवारी
मुदतवाढीचे मुद्दे पाठ करून मॅडमकडे गेले. एकही बोलावा लागला नाही. त्या म्हणाल्या, पोरी कोणाकडे बघतात ते आम्हालाही कळतं. जूनपासून कोच तू. मी ठामपणे नाही म्हणणार होते. हो म्हटलं. जागा परक्याकडे जाऊ नये, एवढ्यासाठीच.
बाबा म्हणाले, अरे वा. मग बराच वेळ चष्मा पुसत बसले.

१६ जून
पहिला सराव. निघाले तर बाबा बूट घालून दाराशी उभे. विचारलं, मी आलो तर चालेल का? लांब बसेन, मध्ये बोलणार नाही.
मी म्हटलं, आज नको बाबा, पहिलाच दिवस आहे.
उद्या नक्की नेणार.