तिसऱ्यांदा नको

मंगळवार, दिवाळी सरल्यावरचा. दिवेलागण.

आज तळेगावच्या सोसायटीतल्या बाईनं तिसऱ्यांदा दारातनं परत धाडलं. "मावशी, नको तुमचा इंद्रायणी. मागे घेतलेल्याचा पार गिचका झाला." माझ्या तांदळाचा गिचका! हिलाच रांधता येत न्हाई म्हणत फणफणत घरी आले.

घरी नात रूपाली तोंड पाडून बसलेली. ती दारोदार पाणी साफ करायची मशिनं इकती. म्हणाली, "आजी, उद्या नोकरी सोडते. सगळी नकोच म्हणत्यात."

"भवाने, का नको ते इचारलंस का?"

"तू इचारलंस? ती बाई पाणी किती घालती?"

लय आगाऊ कार्टी. पण खरं बोलली.

नव्या तांदळाला पाणी कमी लागतं, हे आमच्यात शेंबडं पोर जाणतं. त्या बाईला कोण सांगणार? तीनदा गेले अन् तीनदा वासाचंच कौतुक करून आले. पाण्याचं एकदा न्हाई. मग गिचका होईल न्हाईतर काय!

रूपालीला म्हटलं, "सोडायची तर परवा सोड. उद्या माझ्यासंगं चल. तिच्याच गॅसवर भात करून दावते."

चौथ्यांदा दार लावलं तर? नातीसमोर शोभा व्हायची. होऊ दे. जायचं म्हंजे जायचं.

पातेलं मात्र आपलंच न्यावं.