पान चौदा, ओळ सहा

ऊर्जानगर, चंद्रपूर
२० ऑक्टोबर २०२४, रविवार

प्रिय गिरजाबाई,

सप्रेम जय ख्रिस्त. आम्ही सगळे खुशाल. तुझा गुडघा कसा आहे? तुझा प्रफुल परवा बाजारात भेटला. म्हणाला, आई अजूनही जिवतीचे चढ पायीच चढते. नर्सची नोकरी संपली तरी लोक बोलावतात आणि तू जातेस. बाई, तू आता बासष्ट वर्षांची आहेस हे लक्षात ठेव.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. मी जुलैत निवृत्त झालो. तेहतीस वर्षं कंपनीच्या बसच्या हॉर्नवर उठलो, आता बस जाते तेव्हा मी नुसताच जागा असतो. क्वार्टर मार्चपर्यंत सोडायचं आहे. सामान बांधायला घेतलं की काहीतरी वाचत बसतो आणि बायकोची बोलणी खातो.

मुद्द्याचं लिहितो. २४ नोव्हेंबरला पर्लकोटा नदीपलीकडे, आपल्या गावी, चर्चच्या मंडळीचा सुवर्णमहोत्सव आहे. पन्नास वर्षांपूर्वी आपल्या बाबांनी तिथं पहिल्या अकरा घरांना बाप्तिस्मा दिला. स्मरणिका छापून आली. संपादक मीच, त्यामुळे चांगली झाली असं मी म्हणणार नाही. पण बाबांचा फोटो छान उठला आहे. एक प्रत प्रफुलकडे दिली आहे. तू यावंस अशी फार इच्छा आहे.

आईच्या आणि हगवणीच्या साथीच्या आठवणींची तुझी वही स्मरणिकेत घेता आली नाही. जागेची अडचण होती. शिवाय भाषा फारच घरगुती आहे, असं समितीचं मत पडलं. एक चूकही होती तीत. असो. वही माझ्या कपाटात नीट आहे, काळजी करू नकोस.

आज चर्चमध्ये मी मुलांची शब्बाथ शाळा घेतो, तिथं एक गंमत झाली. पिंकी नावाची आठवीतली मुलगी आहे, फार चौकस. तिनं मोबाईलवर कुठलीशी चित्रफीत पाहिली, बायबलातून लपवलेल्या पुस्तकांची. मला म्हणाली, "सर, ते पुस्तकं काऊन काढले?"

मी म्हटलं, काढली नाहीत, मुळात आत आलीच नाहीत. आणि कुणी एका सभेत बसून हात वर करून ठरवलंही नाही. पहिली तीनशे वर्षं गावोगावच्या मंडळ्या जे वाचत आल्या, त्यातलं हळूहळू टिकत गेलं. मग एका बिशपानं सणाच्या पत्रात यादी लिहून पाठवली, तीच आपली सत्तावीस पुस्तकं. तीन गोष्टी पाहत असत. लिहिणारा प्रभूला प्रत्यक्ष पाहिलेल्यांपैकी किंवा त्यांच्या जवळचा होता का? ते सगळीकडच्या मंडळ्यांना मान्य होतं का? आणि मिळालेल्या शिकवणीला धरून होतं का? एक पुस्तक होतं, त्यात बाळ येशू मातीच्या चिमण्या करतो आणि त्या उडून जातात. मुलांना ते फार आवडलं. पण त्याच पुस्तकात तो रागावून खेळगड्याला शाप देऊन मारतो, हेही सांगितलं. दुसरं एका मेंढपाळाच्या दर्शनांचं. पुष्कळ ठिकाणी आवडीनं वाचत, पण ते फार नंतरचं, म्हणून घरी वाचा, उपासनेत नको, असं ठरलं. आणि मंडळीच्या एका वडिलानं, म्हणजे पुढाऱ्यानं, प्रेषित पौलाविषयी एक कथा रचली होती. पकडला गेला तेव्हा म्हणाला, पौलावरच्या प्रेमापोटी केलं. त्याचं पद गेलं.

मला वाटलं, बरं शिकवलं. तर पिंकी म्हणते, "मंग ज्याइचं नाई घेतलं, त्याइले कोनी सांगतलं का, काऊन नाई घेतलं ते?"

वेळ झाली म्हणून मी प्रार्थना घेऊन मुलांना सोडून दिलं.

उत्तर लिही. येणार असशील तर अहेरीपासून गाडीची सोय करतो.

तुझा
हरिदास


जिवती
२८ ऑक्टोबर

भाऊ,

पत्र भेटलं. गुडघा गुडघ्याच्या जागी हाय.

तुया तीन कसोट्या मी माया वहीले लावून पाह्यल्या. डोळ्यानं पाह्यलं का? पाह्यलं. मी बारा वर्साची होती, आईसंग घरोघरी मीठ-गुळाचं पानी घेऊन फिरली. बाकीच्याइले मान्य हाय का? गावातल्या डोमाकाकाची पोरगी सोमारीबाई अजून हाय तिथी, तिले विचार. शिकवणीले सोडून हाय का? हगवणीत आईनं लोकाइचं हागनं-मुतनं काढलं, मेलेल्याइले माती देल्ली. हे शिकवणीले सोडून असंन तं तसं लिहून दे.

जागा नवती म्हणून लिहिलं तू. शुभेच्छाइच्या जाहिरातीले सोळा पानं हायेत, मी मोजले.

आता पान चौदा पाह्य. तिथी तू बाबाच्या डायरीतली ओळ टाकली, "मी अहेरीस असता मंडळीने गाव राखले." आन् खाली लिहिलं का पहिल्या विश्वासनाऱ्याइनं गाव सांभाळलं. त्या पावसाळ्यात विश्वासनारे कुठी होते? एकाचाबी बाप्तिस्मा झाला नवता. बाबा मंडळी कोनाले म्हणे, ते तुले ठाऊक नाई का?

वहीत चूक कोन्ती, ते सांग. मी येत नाई.

गिरजा


ऊर्जानगर, चंद्रपूर
१० नोव्हेंबर २०२४, रविवार

प्रिय बाई,

तुझं कार्ड मिळून आठ दिवस झाले. चारदा लिहायला बसलो.

ठाऊक होतं. जुन्या वळणाचा माणूस, बायकोचं नाव कसं घेणार? रोज संध्याकाळी अंगणातून हाक यायची, "मंडळी, चहा ठेवा." आणि आई आतून म्हणायची, मंडळीचे हात शेणात आहेत, थांबा जरा. तू आणि मी हसायचो. ती ओळ डायरीत सापडली त्या दिवशीच मला कळलं होतं की तिथं मंडळी म्हणजे आई. पण वाचणाऱ्याला चर्चची मंडळी वाटेल, हेही कळलं होतं. मी खोटं एक अक्षर लिहिलं नाही. खुलासा करायचं तेवढं टाळलं आणि खालच्या ओळीत हळूच विश्वासणारे घुसवले. पौलाची कथा रचणाऱ्या त्या वडिलानं निदान मेहनत तरी घेतली होती.

समितीचं नाव पुढं केलं तेही तसंच. तुझी वही मी समितीपुढं ठेवलीच नाही. भाषा घरगुती आहे हे मत माझंच, आणि जागा नव्हती हा निर्णयही माझाच.

आता चूक. तुझ्या वहीच्या एकोणिसाव्या पानावर लिहिलं आहे, "आईनं बाबाले बलावाले डोमाकाकाले अहेरीले धाडलं, पन बाबा भेटले नाईत." चूक तिथं आहे.

मला ताप होता म्हणून बाबा मला घेऊन नदी ओलांडून गेले, हे खरं. नंतर पूर आला आणि ते अडकले, असं आपण सगळ्यांना सांगत आलो. अहेरीला आम्ही ओळखीच्या एका मास्तरांच्या घरी उतरलो आणि तिसऱ्या दिवशी माझा ताप उतरला. मी ओसरीवर खेळत असे. बाबा आतल्या खोलीत बसून असत. गावात हगवण लागल्याची बातमी आली होती आणि बाबा घाबरले होते. मोठा माणूस घाबरलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

डोमाकाका आला तेव्हा सकाळ होती. डोंग्यातून नदी ओलांडून चार दिवस चालत आला होता. पाय सोललेले होते. पायरीशी उभा राहून म्हणाला, "बाईनं बलावलं. दवा पायजे." बाबा दाराच्या आड होते. त्यांनी मला हातानं खूण केली. आणि मी म्हटलं, "बाबा नाईत. चांद्याले गेले."

डोमाकाका माझ्याकडं बघत नव्हता. तो पायरीवरच्या बाबांच्या चपलांकडं बघत होता. मग वाकून त्यानं माझ्या कपाळाला हात लावला, ताप आहे का पाहिलं, आणि निघून गेला. पाणीसुद्धा प्यायला नाही.

गावात येऊन त्यानं आईला सांगितलं की बाबा भेटले नाहीत. तू तेच ऐकलंस आणि तेच लिहिलंस. तुझी वही खोटी नाही, बाई. डोमाकाकानं खरं न सांगता तुम्हा दोघींना वाचवलं, एवढंच. त्याची धाकटी मुलगी, सोमारीबाईची बहीण, त्याच पावसाळ्यात गेली. तो अहेरीला आला तेव्हा ती होती की नव्हती, हे मी पन्नास वर्षांत कुणाला विचारलं नाही.

पाऊस संपल्यावर बाबा परत आले. लोकांनी आईकडं पाहून हे देवाचं काय आहे ते विचारलं होतं, आणि बाप्तिस्मा द्यायला बाबा उभे राहिले. डोमाकाका रांगेत पहिला होता. बाबांचा हात त्याच्या डोक्यावर थरथरला, तो पवित्र आत्म्याचा स्पर्श, असं मी लेखात लिहिलं आहे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं ते वाक्य आता माझ्याकडं डोळे वटारून बघतं.

बाबा वाईट नव्हते. त्यानंतर तीस वर्षं ते त्याच गावात राहिले, पुढची प्रत्येक साथ त्यांनी अंगावर घेतली. आणि डायरीत ती एक ओळ लिहून गेले. त्यांना जेवढं जमलं तेवढं त्यांनी कबूल केलं. मी तेही पुसलं.

गेल्या रविवारी समितीपुढं सगळं सांगितलं आणि संपादकपद सोडलं. अध्यक्ष म्हणाले, पाचशे प्रती बांधून तयार आहेत, आता काही होणार नाही, फार तर छपाईच्या चुकांचं शुद्धिपत्र लावा, एका ओळीत मावेल एवढं. मी म्हटलं, एक ओळ पुरे. पट्ट्या छापून आणल्या आहेत. चार दिवस झाले, जेवणाच्या टेबलावर बसून एकेका प्रतीत चिकटवतो आहे. बायको डिंक कालवून देते.

तुझी वही मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत टाईप करून घेतली. तुझं एकही मले-तुले बदललं नाही. चाळीस प्रती शिवून ठेवल्या आहेत. एकोणिसावं पान जसंच्या तसं आहे. मी अहेरीत जे पाहिलं आणि जे बोललो, ते दोन कागदांवर वेगळं लिहून सही केली आहे. ते कागद आणि तुझी मूळ वही या पत्रासोबत पाठवतो. माझं लिहिलेलं तुझ्या वहीच्या शेवटी जोडायचं की वगळायचं, ते तू ठरव. सोमारीबाई समोर बसलेली असेल, हेही ध्यानात घे. वगळलंस तर का, ते मला सांगायची गरज नाही.

आज पिंकीला सांगितलं की एका लिहिणाऱ्याला मी कळवलं आहे, तिचं का घेतलं नव्हतं ते. तिनं विचारलं, मग ते काय म्हणाले? मी म्हटलं, अजून उत्तर आलं नाही.

२४ तारखेला तू आलीस तर आईच्या नावानं तू बोलावंस. नाही आलीस तर तुझी वही मी उभा राहून वाचीन, तुझ्याच बोलीत. मला ती बोली आता नीट येत नाही, लोक हसतील. हसू देत.

पट्टीवर छापलं आहे ते असं:

पान १४, ओळ ६ : "मंडळीने" याऐवजी "अंजनाबाईंनी" असे वाचावे.

चपला पायरीवर असताना बाबा नाहीत म्हणणारा,
तुझा धाकटा भाऊ
हरिदास