गार लागलेला पाय

अहो,

बाळ दूध पिऊन आईंजवळ झोपलंय. मी घोडीसाठी डॉक्टरांना आणायला जातेय.

सकाळी घोडीच्या पायावरून हात फिरवला. दुखावलेली शीर रोज चांगल्या पायापेक्षा गरम लागते, आज चक्क गार होती. माझ्याआधी कुणीतरी बर्फ लावलाय. डॉक्टरांनी तिला रोज नुसतं दहा मिनिटं चालवायला सांगितलंय, तेवढ्यासाठी बर्फ कशाला लागेल? पाठीवर खोगिराच्या जागी केस घामाने चिकटलेत. पुन्हा पळवलं तर शीर तुटेल आणि ती जन्माची लंगडी होईल.

मी कुणाला काही विचारलं नव्हतं. तरी चहा घेताना तुम्ही म्हणालात, "मी आज तबेल्याकडे फिरकलोसुद्धा नाही गं."

खोगीर माझ्यासोबत नेतेय. रागावू नका.