कोपऱ्याचा तुकडा

९ ऑगस्ट १९९९

हसले तर हसले. मी बसले!

उदयसिंह सरांच्या शिकवणीत सगळी सोळा वर्षांची, मी एकतीस. मागच्या बाकावर पोरांनी जागा दिली नाही, मग पहिल्यावर बसले. मार्चला सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी दिली. सगळे विषय सुटले, गणितात चार मार्कांनी गेले. आता ऑक्टोबर.

आमच्या अंगणवाडीच्या बाई डिसेंबरात निवृत्त होतायत. दहा वर्षं मी तिथं मदतनीस. खाऊ शिजवते, नाकं पुसते, आणि बाई मीटिंगला गेल्या की शिकवतेही मीच. पण सेविका व्हायचं तर दहावीचा कागद पाहिजे. नाहीतर कुणीतरी नवी येणार आणि मी तिची भांडी घासणार. ते होणार नाही.

१४ ऑगस्ट

आत्याबाई — माझ्या सासूबाई — आज शेजारणीला ऐकवत होत्या, म्हणजे मलाच. "नातवंडं खेळवायच्या वयात पाटी घिऊन बसलीया." एकतिसाव्या वर्षी नातवंडं कुठली? ह्यांनी मान खाली घालून जेवण उरकलं. नेहमीसारखं.

मी विसरलेले नाही. दहावीत असतानाच लग्न झालं, कोडोलीला आले, महिन्याभरात शाळा बंद. वह्या मागितल्या तर म्हणाल्या, "वह्या, निळा स्कर्ट, समदं बंबात घातलं." त्या पाण्यानं मी अंघोळ केली असणार.

२ सप्टेंबर

चाचणी झाली. ए अधिक बी, त्याचा वर्ग. मी लिहिलं — ए वर्ग अधिक बी वर्ग. मार्चलाही हेच लिहिलं होतं. पाठ करते, झोपेत म्हणते, आणि कागद पुढं आला की मधलं दोन एबी गायब!

सरांनी वही उंच धरली. "दोन एबी कुठं गेलं, बाई? चुलीत घातलं?" पोरं खिदळली. मी उभी राहिले.

"सर, ते येतंय कुठनं?"

"कुठनं म्हंजे? सूत्र हाय. पाठ करायचं."

"एवढं दिवस तेच करतोय की. कुठनं येतंय ते कळलं तर ऱ्हाईल."

"पालथ्या घड्यावर पाणी," म्हणाले. "बसा खाली."

बसले नाही. पिशवी उचलली आणि घरी आले. वाटेत रडले. रागानं रडले, दुसरं काही नाही.

३ सप्टेंबर

शिकवणीला जाणार नाही. परीक्षाही सोडणार नाही.

१२ सप्टेंबर, रविवार

सापडलं! अक्षर वेडंवाकडं येतंय, येऊ दे.

नणंदेची, संयोगिताची पोर आता दुपट्यात मावत नाही. आत्याबाई जुनं दुपटं कधी टाकत नाहीत, वाढवतात. तेही दोनच अंगांनी. उरलेल्या दोन अंगांना जुना काठ तसाच ठेवायचा, ही त्यांची रीत. मला म्हणाल्या, "चार वितीचं चौकोनी हाय. एक वीत वाढीव. तुकडं काढ."

जुन्या लुगड्याच्या दोन पट्ट्या कापल्या. चार वीत लांब, एक वीत रुंद. एक उजवीकडं ठेवली, एक खाली. आणि तिथंच थांबले. घोडं कुठं पेंड खात होतं ते समोर पसरलेलं! जुनं दुपटं म्हणजे ए वर्ग. ह्या पट्ट्या — लांबी ए, रुंदी बी. एक एबी, दुसरा एबी. दोन एबी! कापडात माझा हात पट्ट्या विसरत नाही, कागदावर दर वेळी विसरत होता.

"आगं, कोपरा उघडा ऱ्हायला की," आत्याबाई म्हणाल्या.

खरंच. दोन पट्ट्यांच्या मधे एक वितीचा चौकोन रिकामा. बी वर्ग! कापडात मी तोच विसरले होते. सोळा, चार, चार आणि एक. पंचवीस. पाच विती गुणिले पाच विती. मी मोठ्यानं हसले. आत्याबाईंना वाटलं त्यांनाच हसते.

मी कात्री घेतली तर त्यांनी हात धरला. "कोपरा ऱ्हाऊ दे. त्यो मी बघतो."

१३ सप्टेंबर

लेकीला, प्रीतीला, चिंध्या मांडून दाखवलं. नववीत आहे, सूत्र घडाघडा म्हणते. बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "आई, आमच्या सरांस्नी म्हाईत असंल का गं हे?"

४ ऑक्टोबर

दुपटं अजून तसंच, एक कोपरा उघडा. विचारलं तर आत्याबाई म्हणतात, "घाई हाय व्हय तुला? आधी तुझं बघ."

१५ ऑक्टोबर

पेपर झाला. एकशे पाचचा वर्ग सूत्रानं काढा! कच्च्या कामाच्या जागी दुपटं काढलं. शंभराचं दुपटं, पाचाच्या पट्ट्या, पाचाचा कोपरा. दहा हजार, हजार, पंचवीस. शेजारचा पोरगा माझ्या चित्राकडं बघत होता. बघू दे.

६ डिसेंबर

पास. पाहिजे होते त्याहून अकरा जास्त. सेविकेचा अर्ज आजच देऊन आले. उदयसिंह सर स्टँडवर भेटले, "पाठ केलंसा न्हवं शेवटी?" म्हणाले. मी म्हटलं, "न्हाई सर. शिवलं." त्यांना कळलं नाही. सांगितलंही नाही.

८ डिसेंबर

आत्याबाईंनी कोपरा जोडला. निळा. माझा स्कर्ट — कमरपट्टीवर माझ्या आईनं घातलेला पांढरा टाका तसाच आहे. पंधरा वर्षं मी तो जळला म्हणून धरून होते. त्यांना माफ केलेलं नाही, अजून नाही. शेवटी एवढंच विचारलं, "मग वह्या?"

त्यांनी कमरेची किल्ली काढून माझ्यापुढं ठेवली. "ट्रंकेत बघ. तळाला हाईत."