तिन्ही मडगार्डांना तोच पोचा

आई,

बाबांनी जुन्या लष्करी जीपच्या मडगार्डावरून नमुना काढला आणि त्याचा पोचासुद्धा तिन्ही नव्या मडगार्डांत जसाच्या तसा उतरवला. डोळे गेले, बोटं बधिर झाली, तरी काल पत्र्यावरून हात फिरवून म्हणाले, "मिंडे, आरसा झालाय आरसा! इलोइलो शहरात तरी मिळेल का असा कारागीर?" मी म्हटलं, "कुठला मिळतोय!"

गिऱ्हाईक दुपारी येतंय. बाबा उठायच्या आत मी पोचे ठोकून काढायला वर्कशॉपात जाते. इलोइलोची दहाची बोट आता मिळत नाही, आणि तिथल्या शाळेत शिक्षिका म्हणून रुजू व्हायची आजच शेवटची तारीख होती.

बाबांना सांग, पोरीची बोट चुकली. वेंधळी म्हणतील, म्हणू दे.

पेटीतले नवे झगे तूच काढून ठेव. माझ्यासमोर नको.

मिंडा