टाचेखालच्या नऊ तिसऱ्या

मी, खाली सही करणारी, वय वर्षे छप्पन्न, अविवाहित, धंदा बंदरावरची बातमीदारी, हे स्वहस्ते लिहून ठेवते की आज माझी बुद्धी ठिकाणावर आहे. संपादकांचं मत वेगळं असू शकेल, पण त्यांना कोणी विचारलेलं नाही. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. दडपण आणू शकेल अशी एकच व्यक्ती, माझी भावजय, सध्या खाली जाळं विणत बसली आहे. मंगळवारी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन किरकोळ आहे. छाती माझी असल्यामुळे मी त्यांच्याशी पूर्ण सहमत नाही. यापूर्वीची सर्व मृत्युपत्रं रद्द समजावीत. तशी एकही नव्हती, पण वाक्य भारदस्त आहे.

एक. ही माडीवरची खोली आणि बँकेतली शिल्लक भाचीला. खोली भाड्याने दिली तरी चालेल. मात्र ज्या खिडकीतून मी सव्वीस वर्षं परतणाऱ्या बोटी पाहिल्या, तिला जाड पडदा लावू नये.

दोन. संस्कृत कोशाचे दोन्ही खंड संपादकांना. संस्कृतात एम.ए. करून मी हयातभर बांगड्याची आवक लिहिली, याचं त्यांना फार हसू येतं. त्या कोशात समुद्राला नावं पानभर आहेत. माझ्या बातमीतलं एकही त्यांनी कधी छापलं नाही. आता सवडीने वाचावीत.

तीन. लिहिण्याचं टेबल बर्फ कारखान्याच्या मुकादमांना. त्याचा एक पाय त्यांनी बसवून दिला होता आणि हे ते दर भेटीत सांगतात. त्यांनी आपला पाय उरलेल्या टेबलासकट घेऊन जावा.

चार. खाडीच्या मुखाशी असलेला तिसऱ्यांचा, म्हणजे खायच्या शिंपल्यांचा, पट्टा. संस्कृतात दोघांपुरतं वेगळं वचन असतं. वडिलांनी हा पट्टा जणू त्याच वचनात दिला, निम्मा मला, निम्मा धाकट्या भावाला. या कलमाला जरा इतिहास आहे.

दहा वर्षांपूर्वी पलीकडे कारखाना निघाला. तिथे शिंपल्या उकडून, गोठवून बाहेर पाठवत. द्याल तेवढ्या घेत. भावाने तीस माणसं लावली. दर ओहोटीला दाताळी चालायची, नखाएवढी पिल्लंसुद्धा पोत्यात जायची. मी बातमी दिली, 'विक्रमी आवक'. दुसऱ्या वर्षी तीच. तिसऱ्या वर्षीही तीच. चौथ्या वर्षी दिवसभर खणून बादली भरेना, तेव्हा मी लिहिलं, 'आवक घटली', जणू तिसऱ्या आपल्या पायांनी पाहुण्यांकडे गेल्या होत्या. ते पाप निम्मं माझं आहे, पट्ट्यासारखंच.

मग आम्ही पट्टा बंद केला. करार असा: वर्षातून एकदा, मोठ्या ओहोटीला, दोघांनी पाठ करून खांद्यावरून एकेकदा लोखंडी चौकट फेकायची. पडेल तिथे आतला चिखल वीतभर खणायचा आणि अंगठ्याच्या पेराहून मोठ्या तिसऱ्या मोजायच्या. दोन्ही वेळा चाळीस भरल्या तर पट्टा उघडायचा, नाहीतर आणखी एक वर्ष बंद. पहिल्या वर्षी भावाला तीन मिळाल्या, मला एक. मोजणारी माणसं आणि मोजायच्या तिसऱ्या यांच्यात फारसा फरक नव्हता.

आता दोन कबुल्या. पहिली त्याची, मीच देते: भाऊ पाठ करण्यापूर्वी दाट जागा हेरून ठेवतो आणि मग आंधळेपणाने अचूक फेकतो. दुसरी माझी: तीन वर्षं मी मोडक्या खांबाजवळची ओसाड जागा हेरते. पट्टा उघडला की तीस दाताळी परत येतील ही भीती. माझा हेतू शुद्ध होता. सगळे लबाड असंच लिहितात.

त्यात आता तळ खरवडणारं यंत्र घेऊन एक कंपनी आली आहे. तिला भावाचा हिस्सा हवा आहे, उत्तर महिनाअखेर द्यायचं आहे. जिन्यात भाऊ म्हणाला, "ताई, यंदाही बंद राहिला तर मी माझा हिस्सा देऊन मोकळा होणार. मग बस तू चौकटी फेकत."

पंधरा दिवसांपूर्वी मोजणी झाली. त्याला एकसष्ट. मी नेहमीप्रमाणे खांबाकडे फेकली. गेल्या वर्षी तिथे चार होत्या. खणलं, मोजलं, पुन्हा मोजलं. त्रेचाळीस. सहा वर्षं ज्याची वाट पाहिली ते माझ्या पायाशी पडलं होतं, आणि मी टाच सरकवली. नऊ तिसऱ्या चिखलात दाबून मोठ्याने म्हणाले, "चौतीस." भाऊ चौकट खांद्याला अडकवून निघून गेला.

म्हणून हे कलम माझ्या मृत्यूनंतर नव्हे, शाई वाळताच लागू होईल. मृत्युपत्रात असं करता येत नाही, असं वकील म्हणतात. त्यांनी कानांवर हात ठेवावेत. खरा आकडा त्रेचाळीस आहे. माझा निम्मा पट्टा आजपासून भावजयीचा. भाऊ आपला हिस्सा विकायला निघेल, पण तिला विचारल्याशिवाय तो घरातला स्टूलही हलवत नाही. पट्टा उघडावा, फक्त हाताच्या दाताळ्यांनी, एका वर्षी अर्धा, दुसऱ्या वर्षी उरलेला. पेराहून लहान ती परत चिखलात. चौकट यापुढे भावजयीने फेकावी. तिला नेम धरता येत नाही.

पाच. माझ्यामागे संपादकांनी भाषण करू नये.

पुरवणी, दुसऱ्या दिवशी. भाऊ दवाखान्याची बॅग उतरवायला वर आला आणि त्याने टेबलावरचे कागद उभ्याउभ्याच वाचून काढले.

"माहीत होतं," तो म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"त्या दिवशी टाच उचलेनास. मी चौकट उचलली, दाताळं धुतलं, तरी तू आपली बगळ्यासारखी तिथेच."

"मग बोलला का नाहीस?"

"माझ्या एकसष्टांबद्दल तू कधी बोललीस?"

भावजय दारात उभी होती. "तुम्हा दोघांचं झालं असेल तर ती चौकट द्या इकडे. ओहोटी काय तुमच्यासाठी खोळंबणार आहे?"

पट्ट्यावर जाऊन तिने फेकली ती जवळजवळ पाण्यात गेली. तिथे आम्ही दोघांनी कधीच फेकली नव्हती. तिने खणलं, भावाने मोजलं, मी मोजलं. सत्तेचाळीस.

"हे चांगलं की वाईट?" तिने विचारलं. भाऊ चौकट धुवायला गेला. कंपनीचा कागद तिने मागून घेतला आहे. वाचून सांगते म्हणाली. तिचं वाचन फार सावकाश असतं.

परतताना मी खांबापाशी थांबले. माझ्या टाचेचा खळगा भरून आला होता आणि त्या जागी चिखलात तिसऱ्यांच्या श्वासाची बारीक भोकं होती. मोजली नाहीत.

स्थळ: माडीवरची खोली, खिडकी उघडी.
दिनांक: रविवार, मोठ्या ओहोटीचा. ऑपरेशनला दोन दिवस.

लिहून देणार: बंदराची बातमीदार (सही)

साक्षीदार:
१. बर्फ कारखान्याचे मुकादम (सही). टेबलाचं कलम वगळून वाचलं असल्याचं सांगतात.
२. शेजारच्या कंपाउंडर बाई (सही). डोळे पुसत होत्या. कारण कांदा, असं त्यांचं म्हणणं.