वडाच्या जागी माउंटन अ‍ॅश

श्रूजबरी

प्रिय नकुल,

तुझा मेसेज मिळाला. ‘आपलं माउंटन अ‍ॅश कसं आहे? पुढच्या महिन्यात येऊन बघावं म्हणतो.’ दोन वर्षांत तू आमच्या मंजूची चौकशी केली नाहीस, स्वतःच्या लेकीच्या, केयाच्या कॉलेजची केली नाहीस, आणि आता तिकडे न्यू जर्सीला पार्सिपनीत बसून तुला ड्राइव्हवेशेजारच्या झाडाची आठवण येते. माझी बहीण तुला पुन्हा घरात घेईल का, हे सरळ विचारायचं धाडस नसलं की माणूस झाडाची प्रकृती विचारतो. ठीक आहे. तू झाडाचं विचारलंस, मी झाडाचंच सांगतो. फोनवर तू मधेमधे बोलतोस, म्हणून पत्र.

हे झाड तू कसं आणलंस ते तुला आठवत नसेल, कारण तेव्हाही तुझं लक्ष नव्हतं. आपण सगळे ऑक्टोबरात न्यू हॅम्पशायरच्या पार उत्तरेला गेलो होतो. तळ्याकाठच्या खडकांत ती झाडं उभी होती, फार उंच नाहीत, पानं पिवळी पडत आलेली आणि फांद्यांना लालभडक फळांचे झुबके. मंजू बघत राहिली. त्या वर्षी तिने फ्रिजवर चिकटवलेल्या वडाच्या चित्राची पूजा केली होती, आणि त्याबद्दल ती गाडीत हसत हसत कुरकुरली होती. परतताना तू नर्सरीत गाडी थांबवलीस, रोप डिकीत टाकलंस आणि म्हणालास, ‘घे तुझा वड. आता तरी कटकट नको.’ नर्सरीतली बाई तुला सांगत होती की याला गारवा लागतो, मुळाशी ओल लागते, उकाडा सोसत नाही. तू फोनकडे बघत ‘शुअर, शुअर’ म्हणत होतास.

मी गावच्या शाळेत शिकलो. आमचे गुरुजी पान हातात दिल्याशिवाय झाडाचं नाव सांगत नसत. ती सवय मला अजून आहे, म्हणून मी याच्याबद्दल वाचलं. नावात अ‍ॅश असलं तरी ते अ‍ॅश नव्हे, सफरचंदाच्या आणि गुलाबाच्या कुळातलं आहे. एका देठावर समोरासमोर पात्या, आपल्या कडुनिंबासारख्या, पण रुंद आणि वरून निळसर हिरव्या. कळीला बोट लावलं तर चिकटतं. जूनमध्ये पांढऱ्या फुलांचे सपाट गुच्छ येतात. थंडीत बाकी सगळं उघडंबोडकं झाल्यावरही फळं टिकतात आणि पक्षी त्यावर तुटून पडतात. हे थंड रानांचं, दलदलीच्या कडेचं, डोंगरउताराचं झाड. मॅसॅच्युसेट्सच्या या भागातला उन्हाळाच त्याला जड जातो, आणि तू ते लावलंस कुठे, तर डांबराला लागून, दुपारभर ऊन येतं तिथे. कारण खड्डा तिथे आधीच होता. तुझ्या आयुष्यातले बहुतेक निर्णय असेच झाले आहेत. खड्डा आधीच असतो, तू फक्त त्यात काहीतरी ठेवतोस.

झाड लावल्यावरच्या पहिल्या वटपौर्णिमेला शोभनाकाकू आणि इथल्या बाकीच्या बायका आल्या होत्या. झाडाचा एक पाय ड्राइव्हवेत, म्हणून तुझ्या गाडीला वळसा घातल्याशिवाय फेरी पुरी होईना. काकू म्हणाल्या, ‘अगं मंजुषा, सात जन्म हाच नवरा मागायचा की हीच टोयोटा?’ सगळ्या हसल्या. मंजूसुद्धा. पुढच्या वर्षी सुताचा दोरा पावसाने कुजलेला बघून तू दुकानातून नायलॉनच्या दोरीचं रीळ आणलंस. ‘हे टिकेल, दरवर्षी विकत घ्यायला नको,’ असं इंजिनिअरच्या थाटात सांगितलंस. नकुल, सूत कुजतं म्हणूनच ते झाडाला बांधतात. माणसाने मागावं, पावसाने ते सोडवून न्यावं आणि झाड मोकळं राहावं. आपल्याकडच्या अडाणी म्हाताऱ्यांनाही हे कळत होतं, त्यांना ते बोलून दाखवावं लागलं नाही. तुला टिकाऊपणाची हौस आली ती नेमकी तिथे.

मग तू ‘सहा महिन्यांचं प्रोजेक्ट आहे’ म्हणून गेलास. त्या प्रोजेक्टचं नाव हिमानी आहे हे आम्हाला दिवाळीत पार्सिपनीच्या लोकांकडून कळलं. तेवढं सांगण्याचेही कष्ट तू घेतले नाहीस. त्यानंतरच्या जूनमध्ये मंजूने पुन्हा त्याच रिळातली दोरी बांधली. मी विचारलं, कोणासाठी? ती म्हणाली, ‘दादा, मला सवय आहे. तू दर गुरुवारी दत्तापुढे दिवा लावतोस, तुला मी विचारते का?’ तिच्या श्रद्धेला मी हसू शकत नाही. ज्याच्यासाठी ती आहे त्याला मात्र हसू शकतो, आणि हसतो.

झाड वाढत गेलं, दोरी वाढली नाही. याची साल पातळ आणि गुळगुळीत, तिच्यात दोरी रुतत गेली, शेवटी वरून दिसेनाशी झाली. यंदा अर्ध्या फांद्यांना पानंच फुटली नाहीत. केया सुट्टीत घरी आली होती. तिने खोडावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, ‘मामा, इट्स चोकिंग.’ आईसमोर ती यापेक्षा जास्त काही बोलली नाही, तुझं नावही घेतलं नाही. ती तुझे फोन का उचलत नाही असं तू मला मागे विचारलं होतंस. मला वाटतं, तिलाही पान हातात घेऊन बघायची सवय आहे. मी आणि तिने मिळून चाकूने दोरी काढली, तुकड्या-तुकड्याने. एक बाजू कदाचित जगेल. तुझ्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे.

आता, हे सगळं मी का लिहितोय. हिमानीने तुला घराबाहेर काढलं ही बातमी इथे पोचली आहे. मंजूला कळून आठवडा झाला. त्या दिवसापासून ती ऑफिसातून लवकर येते. परवा तिने कपाटातला तुझा कप्पा पुसून काढला, नवीन कागद घातला, आणि मी बघतोय हे लक्षात आल्यावर म्हणाली, ‘सहजच आवरतेय.’ तू दारात उभा राहिलास तर ती तुला काहीएक विचारणार नाही, आत घेईल आणि गरम पोळ्या करेल. तुला वाटतंय की त्यासाठी माझी रदबदली लागेल. लागणार नाही, आणि मला भीती त्याचीच आहे. तिच्या वतीने ठरवायचा मला अधिकार नाही हे मला कळतं, आणि याचं उत्तर मला देवापुढे द्यावं लागेल तर मी देईन. पण हे पत्र मी तिला दाखवणार नाही. तू येऊ नकोस, नकुल. तिला फोनही करू नकोस. या जगात तुला नाही म्हणू न शकणारं एकच माणूस उरलं आहे, आणि ती माझी बहीण आहे.

हॉस्टेलच्या दिवसांपुरता तुझाच,
सुमंत